चारचौघांत : पोलिओनंतरच्या आयुष्याविषयी

कोपनहेगनच्या ग्लिप्टोटेक संग्रहालयात प्राचीन इजिप्तमधली एक कोरीव शिळा आहे, सुमारे चौतीसशे वर्षांपूर्वीची. तिच्यावर रोमा नावाचा एक द्वारपाल दिसतो. त्याचा एक पाय वाळलेला, टाच जमिनीपासून उचललेली, आधाराला उंच काठी. हा पोलिओच असावा असं अनेक तज्ज्ञ मानतात, आणि म्हणून पोलिओच्या इतिहासावरच्या पुस्तकांत हे चित्र हमखास भेटतं. पायाकडे बोट दाखवलं जातं आणि पुस्तक पुढे सरकतं. चित्रात बाकी काय आहे, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. रोमा देवीला नैवेद्य अर्पण करतो आहे. त्याच्यामागे त्याची बायको आहे, मुलगा आहे. त्याला हुद्दा आहे, संसार आहे, आणि पूजेच्या जागी मान आहे. पोलिओचं सर्वांत जुनं मानलं जाणारं हे चित्र रुग्णशय्येवरचं नाही. चारचौघांत वावरणाऱ्या एका गृहस्थाचं आहे.

आपण वाचणार आहात ते पुस्तक त्या चित्रातल्या पायाखेरीज उरलेल्या भागाविषयी आहे. पोलिओ होऊन गेल्यावर तीस, चाळीस, पन्नास वर्षांनी माणूस घरात, कामावर, लग्नकार्यात, देवळात, ग्रामसभेत कितपत असतो, कशामुळे असतो आणि कशामुळे हळूहळू दिसेनासा होतो, हा त्याचा विषय. मराठीत पोलिओच्या लसीबद्दल भरपूर लिहिलं गेलं, डोसाच्या रविवारांबद्दल लिहिलं गेलं. ज्यांच्यापर्यंत डोस वेळेवर पोचला नाही, त्यांच्या पुढच्या आयुष्याबद्दल फार थोडं.

आधी आजाराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण नंतरचं सगळं त्यावर उभं आहे. पोलिओचा विषाणू तोंडावाटे शरीरात शिरतो. ज्यांना लागण होते त्यांतल्या बहुतेकांना काही कळतही नाही. साधारण दोनशेत एकाला पक्षाघात होतो. त्या एकाच्या मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या काही पेशी मरतात आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले स्नायूंचे तंतू पोरके होतात. मग वाचलेल्या पेशी नवे फाटे फोडून त्या पोरक्या तंतूंचा ताबा घेतात. एक भाऊ गेल्यावर दुसऱ्याने स्वतःच्या मुलांबरोबर पुतण्यांचाही भार उचलावा, तसंच हे. त्यामुळे मूल सावरतं, कॅलिपर घालून, कुबडीवर किंवा गुडघ्यावर हात टेकवत चालायला लागतं. कित्येक वर्षं हे ठीक चालतं. पण कित्येक पट भार वाहणाऱ्या त्या पेशी पुढे दमतात, त्यांनी फोडलेले फाटे एकेक करून सुटू लागतात. ज्या पायाला चांगला पाय म्हणत आलो, तोच अचानक दगा देऊ लागतो.

याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. नवा अशक्तपणा, झोपेने न जाणारा थकवा, स्नायू आणि सांध्यांत दुखणं, थंडी सहन न होणं, काहींना श्वासाचा किंवा गिळण्याचा त्रास. पोलिओ होऊन गेलेल्यांपैकी साधारण २५ ते ४० टक्के लोकांना हे होतं असं मानलं जातं. विषाणू परत आलेला नसतो आणि हा आजार दुसऱ्याला लागत नाही. या पुस्तकात ‘पोलिओचे उशिराचे परिणाम’ असा अधिक रुंद शब्दप्रयोग वापरला आहे. त्यात या सिंड्रोमबरोबर वर्षानुवर्षं कुबडीवर भार टाकून झिजलेले खांदे, वाकलेला पाठीचा कणा, पडून झालेली हाडमोड हेही सगळं येतं. ज्याला त्रास होतो त्याला या वेगवेगळ्या खात्यांशी कर्तव्य नसतं. काल जिना चढता येत होता, आज येत नाही, एवढंच त्याला कळतं.

इथे भारतातली आणि पाश्चात्त्य देशांतली परिस्थिती एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळी आहे, आणि माझ्या मते या साऱ्या विषयाची किल्ली तीच आहे. युरोप-अमेरिकेत स्वच्छता वाढली तशी विषाणूची गाठ उशिरा पडू लागली. म्हणून तिथे विसाव्या शतकात साथी आल्या आणि त्यांत शाळकरी मुलं, तरुण, क्वचित प्रौढही सापडले. धावणं, पोहणं, नाचणं त्यांना आठवत होतं. आपल्याकडे विषाणू पाण्यात, मातीत सदैव होता. बहुतेक मुलांना तो वयाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच गाठायचा. त्यामुळे इथल्या माणसाला धडधाकट चालण्याची आठवणच नसते. हात टेकवत चालणं हीच त्याची चाल. तिच्यात त्याला काही उणं वाटत नाही, वाटतं ते पाहणाऱ्याला. पंचेचाळिशीत जेव्हा ती चालही सुटू लागते, तेव्हा त्याच्या जाणत्या आयुष्यातलं ते पहिलं गमावणं असतं. घरचे म्हणतात, ‘तुझं तर पहिल्यापासूनच असं आहे.’ डॉक्टर म्हणतात, ‘वय झालं.’ आणि जे खरोखर हातातून जातं आहे, त्याचं दुःख करण्याची मुभाही त्याला मिळत नाही.

इतिहासाकडे वळू. जर्मनीतल्या याकोब हाइने यांनी १८४० मध्ये या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. उशिरा येणाऱ्या अशक्तपणाची नोंदही नवी नाही. फ्रान्समध्ये १८७५ मध्ये ती झाली होती. मग शंभर वर्षं ती पुस्तकांत पडून राहिली. मधल्या काळात वैद्यकाचं सगळं लक्ष पाय वाचवण्यावर होतं. एक पंथ पाय महिनोन्महिने प्लास्टरमध्ये आणि फळ्यांत जखडून ठेवणारा. त्याला ऑस्ट्रेलियातल्या एलिझाबेथ केनी या परिचारिकेने आव्हान दिलं. गरम लोकरी कापडाचा शेक आणि लवकर हालचाल ही तिची पद्धत. १९४० नंतर अमेरिकेत तिचा मोठा बोलबाला झाला. १९५२ च्या कोपनहेगनच्या साथीत ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वसननलिकेतून हाताने हवा भरण्याचा मार्ग काढला. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून हवेची पिशवी दाबत राहिले. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथली. पुढे १९५५ मध्ये साल्क यांची लस आली, काही वर्षांनी सेबिन यांचे थेंब आले, आणि श्रीमंत देशांनी पोलिओचं पान उलटलं.

पण त्या पिढीतली माणसं होतीच. त्यांना शिकवण एकच मिळाली होती : झट, हार मानू नकोस, चाकाच्या खुर्चीत बसशील तर संपलास. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना ३९ व्या वर्षी पक्षाघात झाला. तो पोलिओच मानला गेला. खुर्चीतली त्यांची छायाचित्रं शोधूनही फार थोडी सापडतात. देशाचा कारभार चालवायला मज्जाव नव्हता, पण पाय अधू आहेत हे दिसू द्यायचं नव्हतं. चारचौघांत यायचं असेल तर आधी चारचौघांसारखं दिसावं लागेल, हा तो करार होता.

तो करार मोडला तो साथीतून वाचलेल्या पुढच्या पिढीने. एड रॉबर्ट्स यांना चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. मानेखाली जवळजवळ हालचाल नाही, झोपायला आयर्न लंग हे श्वास चालवणारं यंत्र. १९६२ मध्ये ते बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाले. कॅलिफोर्निया राज्याच्या पुनर्वसन खात्याने त्यांना कामाच्या दृष्टीने अपात्र ठरवलं होतं. १९७५ मध्ये त्याच खात्याचे ते संचालक झाले. मधल्या काळात, १९७२ मध्ये, त्यांनी आणि सोबत्यांनी बर्कलीत ‘स्वतंत्र जगण्याचं’ केंद्र उभारलं. कुणी कपडे घालून द्यायचे हे मी ठरवीन, मदत घेणं म्हणजे परावलंबन नव्हे, हा त्याचा गाभा. ज्युडिथ ह्यूमन यांनाही बाळपणी पोलिओ झालेला. आगीच्या वेळी अडथळा होईल म्हणून लहानपणी त्यांना शाळेत घेतलं नव्हतं. १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत शंभरावर अपंग माणसांनी सुमारे २५ दिवस ठाण मांडलं, त्यात त्या पुढे होत्या. सार्वजनिक इमारती सर्वांना खुल्या असाव्यात हा अमेरिकेतला १९६८ चा कायदा लिहिण्यातही पोलिओ झालेल्या ह्यू गॅलघर यांचा हात होता. ब्रिटनमध्ये त्याच सुमाराला विचारवंतांनी अपंगत्व शरीरात कमी आणि समाजाच्या रचनेत जास्त असतं, अशी मांडणी केली. आज ती सर्वत्र ‘सामाजिक प्रतिमान’ म्हणून शिकवली जाते.

आणि नेमकी हीच माणसं पन्नाशीकडे झुकत असताना थकू लागली. एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या तक्रारी एकमेकांशी जुळू लागल्या, आणि १९८० च्या दशकात डॉक्टर आणि रुग्ण एकत्र बसलेल्या परिषदा झाल्या. हे डॉक्टरांच्या आधी रुग्णांनी ओळखलं. त्यांतल्या काही डॉक्टरांना स्वतःलाच पोलिओ झालेला होता. उपचाराच्या शोधात बरीच औषधं तपासली गेली, पण आजार मागे फिरवणारं काही हाती लागलेलं नाही. हाती लागलं ते वेगळंच : शक्ती राखून वापरावी, दमण्याआधी बसावं, हलका कॅलिपर घ्यावा, लांबच्या पल्ल्याला खुर्ची वापरावी. ज्या गोष्टी आयुष्यभर हार म्हणून टाळल्या, त्याच आता औषध ठरल्या. ‘जितकं झटशील तितकं सुधारशील’ या उपदेशावर वाढलेल्या माणसाला हे पचवणं किती अवघड जातं, ते या पुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत दिसतं.

२००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अपंगत्वाकडे पाहण्याची नवी चौकट मांडली. शरीर, कृती आणि सहभाग अशी तिची अंगं. सहभाग म्हणजे जीवनातल्या प्रसंगांत माणूस प्रत्यक्ष गुंतलेला असणं. ही चौकट हाती घेऊन संशोधकांनी पोलिओच्या उशिराच्या परिणामांकडे पाहिलं. स्वीडनमधल्या लुंड इथल्या पाहणीत एक बोलकी गोष्ट दिसली. बहुतेकांना आपला एकूण सहभाग पुरेसा वाटत होता, पण घरातल्या भूमिका, घराबाहेर मनाप्रमाणे फिरणं आणि काम-शिक्षण इथे तो सर्वांत जास्त आक्रसलेला होता. चालण्याची ताकद तेवढी मोजून हे कळलं नसतं. चार पावलं जास्त चालणारा माणूस घरकोंबडा असू शकतो, आणि खुर्चीतली बाई गावभर फिरून येते.

आता आपल्याकडे. मुंबईतल्या फातिमा इस्माइल यांच्या मुलीला पोलिओ झाला. तिच्या उपचारांसाठी केलेल्या धडपडीतून त्यांनी १९४७ मध्ये अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था उभी केली. हाजी अलीजवळचं मुलांचं अस्थिरोग रुग्णालय त्यातूनच आलं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला केईएम रुग्णालयात देशातली फिजिओथेरपीची पहिली शाळा निघाली. तिच्यामागचं एक मोठं कारण पोलिओच होता. हाजी अलीलाच १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने भौतिकोपचार आणि पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था सुरू झाली. म्हणजे या देशातल्या पुनर्वसनाच्या शास्त्राची मुळं मुंबईच्या या मुलांपर्यंत जातात. पुढे जयपूरची समिती, उदयपूरच्या शस्त्रक्रिया, आनंदवनातलं संधिनिकेतन, नसीमा हुरजूक यांची कोल्हापूरची संस्था अशी कितीतरी कामं झाली. नसीमाताईंना पोलिओ नव्हता, पण त्यांच्यासारख्यांच्या वसतिगृहांमुळे पोलिओ झालेली खेड्यापाड्यांतली मुलं पहिल्यांदा आपल्यासारख्या इतरांना भेटली. हे भेटणं लहान नव्हतं. अमेरिकेतल्या मुलांना साथीने एका वॉर्डात एकत्र आणलं होतं. आपल्याकडे प्रत्येक गावात एखाददुसरं मूल, एकटं. आपल्याकडची पिढी संख्येने खूप मोठी असूनही तिची तशी चळवळ उभी राहिली नाही, याचं एक कारण मला हा एकटेपणा वाटतं. दुसरं अर्थातच गरिबी.

या एकटेपणाला एक आतली बाजूही आहे. गावोगावी एक वाक्य ऐकू येतं : ‘ताप आला, डॉक्टरांनी सुई टोचली आणि पाय गेला.’ शिकलेली माणसं बराच काळ याला अडाणी समज मानत आली. विषाणू अंगात असताना स्नायूत दिलेलं इंजेक्शन पक्षाघाताचा धोका वाढवतं, हे संशोधनाने दाखवलं आहे. आयांच्या त्या वाक्यात तथ्य होतं. पण डॉक्टरकडे आपणच नेलं, या विचाराने कित्येक आई-वडील आयुष्यभर झुरत राहिले. मुलाला मोठं होऊ देण्याऐवजी ते त्याला जपत राहिले. सहभागाची पहिली अडचण अनेकदा या प्रेमातच असते.

भारतीय धारेत तीन विचार एकमेकांत मिसळून वाहतात. एक पाय सरळ करण्याचा : शस्त्रक्रिया, कॅलिपर. दुसरा दानाचा : शिबिर, हार-तुरे, तीनचाकी सायकलींचं वाटप, छायाचित्र. तिसरा कामाचा. पहिल्या दोघांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. तिसऱ्यावर मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण चारचौघांत येण्याची खरी वाट तिथूनच गेली.

१९७७ पासून सरकारी नोकऱ्यांच्या खालच्या वर्गांत अपंगांसाठी ३ टक्के जागा राखल्या गेल्या. त्यातून बँकांत, तहसील कचेऱ्यांत, जिल्हा परिषदांत एक पिढी कारकून म्हणून लागली. मग आली पिवळ्या पाट्यांची एसटीडी-पीसीओ बूथं. ती देताना अपंगांना प्राधान्य होतं. त्या टीचभर खोक्यात बसलेल्या माणसाकडे अख्खं गाव यायचं. कुणाचा मुलगा मुंबईत नोकरीला लागला, कुणाकडे मयत झाली, कुणाची सोयरीक जमली, सगळं आधी त्याला कळायचं. जो माणूस गावात जाऊ शकत नव्हता, त्याच्याकडे गाव येत होतं. कोणत्याही पुनर्वसन योजनेने इतका सहभाग दिला असेल असं मला वाटत नाही, आणि तो कुणी योजलेला नव्हता. मोबाइल आला, बूथं बंद झाली. त्या माणसांना झेरॉक्सची, रिचार्जची छोटी दुकानं तरी काढता आली का, याची कुणी मोजदाद ठेवली नाही.

दुसरी गोष्ट स्कूटरची. १९८० च्या दशकात किक न मारता सुरू होणारी, गिअर नसलेली स्कूटर बाजारात आली. मागे दोन साइड व्हील लावून घेतली की पायाचं बळ लागेनासं झालं. अपंगांसाठी म्हणून ही गाडी कुणी बनवली नव्हती. गावातल्या वेल्डरने चाकं जोडून दिली. त्या गाडीवर कित्येक जण कॉलेजला गेले, कित्येकांनी विम्याची कामं केली, आणि कित्येक मुलींनी पहिल्यांदा एकटीने घराचा उंबरा ओलांडला. एसटीच्या भाड्यात सवलत होती, पण एसटीची पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच. मुंबईच्या लोकलला अपंगांचा डबा आहे, पण त्याच्यापर्यंत पोचायला अनेक ठिकाणी पूल चढावा लागतो.

बायकांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. नोकरी, बूथ, स्कूटर यांचा मोठा वाटा पुरुषांकडे गेला. पोलिओ झालेल्या मुलीबाबत घरात दोनच प्रश्न असायचे : हिचं लग्न कसं होणार, आणि नाही झालं तर ही कुणाकडे राहणार. अपंग व्यक्तीशी लग्न करणाऱ्याला प्रोत्साहन म्हणून रक्कम देणारी योजना महाराष्ट्रात आहे. तिचा हेतू चांगला असेल, पण मला ती टोचते. जणू नवरा-नवरीपैकी एकाच्या नुकसानीची ती भरपाई आहे. घरात मात्र याच बाया राब राब राबल्या. स्वयंपाक बसून, भांडी बसून, सरकत सरकत केर काढणं. भावाची मुलं वाढवली, आई-वडिलांची दुखणी काढली. हे काम कुणाच्या खात्यात धरलं गेलं नाही. आता खांदे गेले, मनगटं गेली, आणि ज्यांच्यासाठी राबल्या त्या घरांतच त्या अडचण होऊन बसल्या. हळदीकुंकवाला बोलावणं येतं, पण ते तिसऱ्या मजल्यावर असतं. देवळाच्या दारात कॅलिपरचा चामड्याचा बूट काढायला सांगतात. तो काढला की उभंच राहता येत नाही. अशा लहान लहान नकारांतून माणूस घरी बसतो. एका दिवसात कुणीच घरी बसत नाही.

कायदे झाले आहेत. १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा, २००७ मध्ये भारताने मान्य केलेला संयुक्त राष्ट्रांचा करार, मग २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा. त्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण ४ टक्क्यांवर नेलं. स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा आहे. ग्रामसभेत हा ‘पाच टक्के निधी’ आता बऱ्याच जणांना माहीत आहे. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र खातं केलं. गोव्यात २०२३ पासून भरणारा पर्पल फेस्ट हा सहभागाचा वेगळा, आनंदाचा प्रयोग आहे. तरी दोन गोष्टी खटकतात. २०१६ च्या कायद्यात हालचालीच्या अपंगत्वाखाली बऱ्या झालेल्या कुष्ठरोगापासून अ‍ॅसिडहल्ल्यापर्यंत पाच गोष्टींची नावं आहेत. पोलिओचं नाव नाही. तो त्या व्याख्येत बसतो, हे खरं. पण ज्या आजाराने या देशात एवढी माणसं अपंग केली, त्याचं नावही कायद्यात नसावं, यावरून तो संपला ही समजूत किती खोल रुजली आहे हे कळतं. दुसरी गोष्ट प्रमाणपत्राची. त्यावरचा टक्का सांध्यांची हालचाल, स्नायूंची ताकद, पायाची कमी लांबी मोजतो. थकवा मोजत नाही. विशीत मिळालेल्या त्या टक्क्यावर माणूस साठीपर्यंत जगतो, आणि मधल्या काळात त्याने काय गमावलं याची सरकारदरबारी नोंद नसते. २०११ च्या जनगणनेत २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यांत हालचालीचं अपंगत्व असलेल्या सुमारे ५४ लाख. त्यांच्यातल्या किती जणांना पोलिओ झाला होता, हे त्या जनगणनेने विचारलेलं नाही.

हे पुस्तक आत्ताच का, याचं उत्तर तारखांत आहे. भारतात रानटी पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्याजवळ आढळला, दीड-दोन वर्षांची एक मुलगी. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. लाखो आरोग्यसेविकांनी, स्वयंसेवकांनी उन्हापावसात थेंब पाजून ते मिळवलं. त्याचा मोठेपणा या पुस्तकाने कुठेही कमी केलेला नाही. पण लस सार्वत्रिक होण्याआधी, साठ ते ऐंशीच्या दशकांत जन्मलेली पिढी आज चाळीस ते पासष्टच्या घरात आहे, उशिराचे परिणाम दिसू लागतात नेमक्या त्या वयात. युरोप-अमेरिकेत हा प्रश्न वृद्धांबरोबर मावळत चालला आहे. आपल्याकडे तो आता उगवतो आहे आणि, शेवटच्या मुलांचं वय पाहता, आणखी साठेक वर्षं राहणार आहे. आणि नेमक्या या वेळी त्याला ओळखणारे डॉक्टर निवृत्त होत आहेत. आज शिकून बाहेर पडणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाने पोलिओचा ताजा रुग्ण पाहिलेला नसतो. मापाचा कॅलिपर बनवणारे जुने कारागीर कमी होत चालले आहेत, कारण नवी गिऱ्हाइकं नाहीत.

संपादकांनी पुस्तकाची आखणी करताना एक निर्णय घेतला, तो मला फार योग्य वाटतो. डॉक्टर, कायदा, अनुभव अशी वेगळी दालनं त्यांनी केलेली नाहीत. श्वासाच्या त्रासावरच्या लेखाशेजारी रात्री झोप न लागणाऱ्या शिक्षकाचं कथन आहे; कार्यालयीन सुविधांच्या चर्चेशेजारी निवृत्तीनंतर ओस पडलेल्या दुपारचं वर्णन. वाचताना मधूनच विसंवादही दिसेल. कुणी चाकाच्या खुर्चीला मुक्ती म्हणतं, कुणी शेवटपर्यंत तिला हात लावणार नाही म्हणतं. संपादकांनी कुणाचंच तोंड बंद केलेलं नाही. ‘जिद्दीच्या कहाण्या’ मात्र मुद्दाम टाळल्या आहेत. जिद्द या माणसांत भरपूर आहे, पण तिच्या गौरवाने आजूबाजूच्यांची जबाबदारी हलकी होते. डोंगर सर करणाऱ्या एकाला टाळ्या वाजवल्या की कचेरीला उतार बांधायचा राहून जातो.

पुस्तकाच्या मर्यादाही आहेत. आदिवासी पाड्यांतले, ऊसतोड कामगारांतले आवाज यात कमी आहेत. जे लिहू-बोलू शकले, भेटू शकले, तेच इथे जास्त आले. अतिशय गंभीर अपंगत्व असलेली, घराबाहेर न पडणारी माणसं तर जवळजवळ नाहीतच. पुढचं काम तिथून सुरू करावं लागेल, आणि ते करणारा कुणी तरुण संशोधक हे पुस्तक वाचत असेल अशी माझी आशा आहे.

आपण डॉक्टर असाल, तर मुलाखतींचा भाग आधी वाचा. आपल्या घरात, सोसायटीत किंवा कचेरीत त्या पिढीचं कुणी असेल आणि ‘आताशा दमायला होतं’ म्हणत असेल, तर त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवा. पुढचं हळदीकुंकू, पुढची सभा तळमजल्यावर घ्या. आणि आपल्याला स्वतःला लहानपणी पोलिओ झाला असेल, तर एक विनंती. भूल देण्याची काही औषधं आणि स्नायू शिथिल करणारी औषधं पोलिओ झालेल्यांवर अधिक तीव्र परिणाम करू शकतात. तेव्हा पुढे कोणतीही शस्त्रक्रिया करायची वेळ आली, अगदी मोतीबिंदूची किंवा दाताची जरी असली, तरी आपल्याला पोलिओ होऊन गेला आहे हे डॉक्टरांना आणि भूलतज्ज्ञांना आधी सांगा, आणि ते कागदावर लिहून घेतल्याची खात्री करा.